शेतात डिझेल सांडल्यास विहीर कशी वाचवावी

विदर्भातील अनेक शेतांत ट्रॅक्टर आणि इंजिनासाठी लागणारे डिझेल विहिरीलगतच्या कोठ्यात ठेवलेले असते. ड्रम कलंडला की पैसे वाया गेल्याची हळहळ होते आणि वरचा डाग वाळला की विषय संपतो. जमिनीखाली मात्र तो तेव्हा सुरू झालेला असतो.

सांडलेले इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि उतरताना त्याचा काही अंश मातीच्या कणांमध्ये अडकून राहतो. एक घनमीटर माती, पोत भरड की बारीक यानुसार, साधारण पाच-दहा लिटरपासून तीस-चाळीस लिटरपर्यंत डिझेल धरून ठेवू शकते. त्यामुळे पाच लिटरचा कॅन सांडला तर ते बहुधा वरच्या थरातच मुरते, परंतु २०० लिटरच्या ड्रमबाबत तशी खात्री बाळगता येत नाही.

हा हिशेब सलग मातीचा झाला. आपली काळी भारी जमीन वैशाखात भेगाळते, काही भेगांत अख्खा हात कोपरापर्यंत जातो आणि त्यांचा तळ त्याहूनही खाली असतो. अशा भेगेत शिरलेले डिझेल मातीला फारसे न भिजवता थेट मुरमापर्यंत पोहोचते. श्रावणात हीच माती फुगून भेगा मिटवते. तेव्हा डिझेल खाली फार हळू जाते, पण वरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर नाल्याची वाट धरते. म्हणून उन्हाळ्यात प्रथम भेगा बुजवाव्यात आणि पावसाळ्यात प्रथम उताराच्या बाजूला मातीचा बांध घालावा.

मुरमाखाली, पश्चिम विदर्भात तरी, काळा पाषाण लागतो आणि भूजल त्याच्या फटींतून फिरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगते आणि त्या पातळीच्या उताराने पसरते. मोटार चालू असली की विहिरीभोवतीची पातळी खाली ओढली जाते आणि हा उतार विहिरीकडेच वळतो. डिझेलमधील बेंझिनसारखे विषारी घटक पाण्यात विरघळून पुढे जातात. पेट्रोलमध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते, आणि पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे.

सांडल्याबरोबर विडी-काडी आणि ठिणगी दूर ठेवावी, गळती बंद करावी, जवळच्या विहिरीची मोटार थांबवावी आणि भेगांच्या तोंडावर कोरडी माती दाबून भरावी. साचलेल्या डिझेलवर कुटार किंवा लाकडाचा भुसा पसरावा व तो भिजला की उचलून घ्यावा. जागा पाण्याने धुऊ नये. साबणाच्या पाण्याने तर मुळीच नाही, कारण मातीने धरलेले तेल त्यामुळे सुटून आणखी खाली जाते. त्यानंतर वासाचा माग काढत माती खणावी. रंगापेक्षा वास अधिक भरवशाचा आहे, मात्र ढेकूळ नाकाशी नेऊन हुंगू नये. खणलेली माती धुऱ्यावर टाकण्याऐवजी ताडपत्रीवर पसरून पावसापासून झाकावी. शेणखत मिसळून, ओल राखून ती अधूनमधून खालीवर केल्यास जिवाणू काही महिन्यांत बरेचसे डिझेल खाऊन टाकतात. ड्रमभर सांडले असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर बादलीभर पाणी काढून तो काडीने मोडून पाहावा. लोहजिवाणूंचा (पाण्यातील लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा) तवंग काचेसारखा तुटतो व तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग पुन्हा जुळतो. तो तेलाचा निघाल्यास ते पाणी माणसांना व जनावरांना देऊ नये. उकळणे किंवा ब्लीचिंग पावडर टाकणे हा यावर उपाय नव्हे. तवंग काढण्यासाठी कोणीही विहिरीत उतरू नये, कारण इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते.

तवंग दिसला नाही तरी पुढील पावसाळ्यात पुन्हा लक्ष द्यावे. भूजल चढते तेव्हा फटींत अडकलेले तेल वर उचलले जाते, आणि पाणी उतरताना ते पुन्हा खडकाला चिकटते. त्यामुळे वर्षभर स्वच्छ वाटलेल्या विहिरीला नंतरही वास येऊ शकतो. तपासणीचा नमुना शक्यतो प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरावा, थंड ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. बाटली देतानाच इंधनाची तपासणी हवी असे स्पष्ट सांगावे, कारण पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत बेंझिन बहुधा पाहिले जात नाही.