मुतखड्याची कळ: पहिल्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात

कुशीतून कळ उठते, जांघेकडे उतरते, उलट्या होतात, माणूस एका जागी बसू शकत नाही. नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, 'खडा किती एमएमचा?' तो आकडा नंतर. आधी थर्मामीटर लावा. ताप किंवा हुडहुडी असेल तर अडलेल्या लघवीत जंतू वाढताहेत असं धरून त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात हलवावं. तिथे नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, स्टेंट (किडनी ते मूत्राशय आतच ठेवायची बारीक नळी) किंवा बाहेर काढलेली नळी घालून लघवी मोकळी करावी लागते. लघवी पूर्ण बंद असेल किंवा रुग्णाला एकच किडनी असेल, तरी तेवढीच घाई.

तपासण्यांसाठी वेदनाशामक अडवून ठेवू नये. आणि कळ चालू असताना तांब्याभर पाणी पाजून खडा खाली येत नाही, उलटी तेवढी वाढते.

लघवीची पहिली धार सोडून मधली स्वच्छ डबीत घ्यावी आणि तासाभरात लॅबला द्यावी. उशीर झाला की पेशी फुटतात, जंतू वाढतात, रिपोर्ट फसवतो. खडा असूनही दहातल्या एखाद-दोघांच्या लघवीत रक्त सापडत नाही, आणि पाळी चालू असेल तर उगाच सापडतं. पस सेल्स (पूपेशी) किंवा नायट्राइट (जंतूंची खूण) आलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवावं. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवंच. कॅल्शियम, युरिक ॲसिडही त्याच सुईत होतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भचाचणी स्कॅनच्या आधी. गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो.

गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी आधी सोनोग्राफी. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं असू द्या, तरच मूत्रवाहिनी (किडनीतून लघवी खाली आणणारी नळी) त्यात उघडते तिथे अडकलेला खडा दिसतो. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या गॅसमागे लपतो, म्हणून 'खडा दिसला नाही' हे वाक्य वाचून निश्चिंत होऊ नका. किडनीला सूज लिहिली आहे का, ते बघा; ती लघवी अडल्याची खूण.

शंका उरली तर कमी किरणांचा साधा सिटी स्कॅन. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) नको: तोही पांढरा, खडाही पांढरा. एक्स-रेत युरिक ॲसिडचा खडा उमटत नाही. साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली असेल तर महाधमनीचा (पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा नाही ना, हे आधी बघायला सांगा.

घरी सोडलं तर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा. खडा सापडला की कोरडा करून डबीत ठेवा आणि तपासायला द्या.