चाकणला येणाऱ्या पोरांनो, राजीनामा लिहू नका

दरवर्षी दिवाळी झाली, सोयाबीन विकलं, की आमच्या कळंब भागातून पाच-सहा पोरं चाकणच्या कारखान्यांत कामाला म्हणून पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरतात आणि मला फोन करतात. मी 2007 साली असाच आलो होतो. आयटीआय फिटर, पत्र्याची पेटी आणि मोशीतल्या चुलतभावाचा पत्ता. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

खोली मोशी, भोसरी, महाळुंगे, कुठंही बघा, डिपॉझिट द्यावंच लागतं. मेसबद्दल काही सांगत नाही, पंधरा दिवसांत तुम्हीच बदलाल.

आता मुद्द्याचं. पगार हातात आला की आपली पोरं रक्कम बघतात, पगार स्लिप बघत नाहीत. ती बघा. 16,000 पगार असेल तर ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, 120 रुपये कापलेले दिसतील. पाऊण टक्का तुमचा, सव्वातीन टक्के, म्हणजे 520 रुपये, मालकाचे. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना हे लागू आहे. बहुतेकांना वाटतं हे फक्त दवाखान्याचे पैसे. दवाखाना आहेच, माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ईएसआयवरच झालं. पण त्याच 120 रुपयांत नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ताही आहे, हे मला नोकरी गेल्यावर कळलं.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 2018 च्या जुलैत दोन वर्षांसाठी म्हणून सुरू झाली, तेव्हा सरासरी पगाराच्या 25 टक्के मिळायचे. कोरोनात, 24 मार्च 2020 पासून, ते 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. मुदत दरवेळी वाढवत आणलीय, तेव्हा अर्ज करण्याआधी योजना चालू आहे ना हे बघून घ्या. अट अशी की नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. शिवाय शेवटच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी मोजतात.

इथंच आपली पोरं अडकतात. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर, दुसरं गेट. नवा कॉन्ट्रॅक्टर विचारतो, 'ईएसआयचा नंबर आहे का?' पोरगं म्हणतं, 'माहीत नाही.' तो नवा काढतो. झालं, तुमची दोन वर्षं तीन नंबरांत वाटली गेली. नंबर एकच ठेवायचा. यूएएनचं, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराचंही तसंच. दोन्ही नंबर घरी दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा, आईला दाखवा. अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर ईएसआय लागत नाही, ते वर्ष धरू नका.

आता माझी चूक सांगतो. जून 2020. चार वर्षं एकाच कॉन्ट्रॅक्टरकडं होतो. त्यानं चहा पाजला, कोरा कागद पुढं केला आणि म्हणाला, 'राजीनामा लिहून दे, पीएफ लवकर निघेल. काम आलं की तुलाच पहिला बोलावतो.' आपल्याच भागातला माणूस, काका म्हणायचो मी त्याला. वर तारीख, खाली सही, मध्ये 'वैयक्तिक कारणामुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' सुवाच्य अक्षरात लिहिलं मी, शुद्धलेखन तपासून. पुढं भत्त्याचं कळल्यावर विचारायला गेलो तर पहिला प्रश्न आला, काम का सुटलं? स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला, किंवा गैरवर्तनावरून काढलेल्याला, हा भत्ता नाही. साधारण 24,000 रुपये त्या एका ओळीत गेले.

पैशापेक्षा पुढचं जास्त महागात पडलं. ते पैसे असते तर दोन महिने थांबून फिटरचंच काम शोधलं असतं. मी आठ दिवसांत एका गोडाऊनमध्ये खोकी उचलायला गेलो आणि परत फिटर व्हायला दीड वर्ष गेलं. बेकारीचा विमा असतो तो या श्वास घ्यायच्या वेळेसाठी, हे मला तिथं कळलं. ब्रिटननं 1911 साली असा विमा आणला तेव्हा सुरुवात बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रांचे कारखाने अशा धंद्यांपासून केली, जिथं काम कधी भरपूर तर कधी काहीच नाही. म्हणजे आपल्या चाकणसारखेच की! तिथं कामगार, मालक आणि सरकार तिघं पैसे घालायचे.

कागदावरच्या शब्दाची किंमत आणखी एका ठिकाणी कळते. कंपनी बंद पडली किंवा रीतसर कामगार कपात झाली, तर 2005 पासून ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. तिच्यात पहिलं वर्ष पगाराच्या 50 टक्के, दुसरं वर्ष 25. माणूस तोच, घरी बसणं तेच, पण 'कपात' लिहिलं तर 24 महिने आणि 'स्वखुशीने' लिहिलं तर चहा. हा फरक कॉन्ट्रॅक्टरला पक्का ठाऊक असतो.

स्लिपवरच्या 200 रुपयांच्या व्यवसाय करावर पोरं फार चिडतात. 'धंदा कुठं करतोय आम्ही?' तो कर मूळ रोजगार हमीसाठी बसवला होता. 1972 च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी खडी फोडली, पुढं 1977 साली हमीचा कायदा झाला आणि काम नाही दिलं तर बेकार भत्ता, असं त्यात आलं. शहरातल्या पगारदारानं गावाच्या बेकारीचा भार उचलायचा, हे मला अजूनही पटतं. त्या 200 रुपयांवरून कुरकुर करू नका.

हिंजवडीतल्या आयटीवाल्या पोरांचा हेवाही करू नका. त्यांचा पगार 21,000 च्या वर, म्हणून ईएसआयचा हा भत्ता त्यांना नाहीच.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून, हळू आवाजात. 'मामा, कागद दिलाय, सही करू का?' वाच म्हटलं. 'वैयक्तिक कारणामुळे' एवढं वाचून तो थांबला. म्हटलं, पेन खिशात ठेव, घरी विचारून सांगतो म्हण आणि बाहेर ये. आला. मेसेज करून विचारलं, मला कामावरून कमी केलंय का, तसं लेखी द्या. अजून उत्तर नाही. काम सुटून 30 दिवस झाले की भत्त्यासाठी अर्ज करणार आहोत. पगार स्लिपा, बँकेचं पासबुक आणि आधार एका पिशवीत घालून ठेवलंय.

आणि हो, येताना गावाकडून गादी आणू नका. एसटीत तिचंही तिकीट मागतात.