रेनेसाँ फेअरसाठी पोशाख शिवताय? या चुका टाळा

ऑगस्टच्या शेवटी मेरीलँडमध्ये क्राऊन्सव्हिलचा रेनेसाँ फेस्टिव्हल सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेक्सासात टॉड मिशनचा. अमेरिकेत अशा जत्रांची, म्हणजे रेनेसाँ फेअरची, प्रथा 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, आणि बहुतेक ठिकाणी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं गाव उभं करतात. तिथे जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये आता स्वतः पोशाख शिवणारे बरेच झाले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. तिकिटं काढल्यावर तीन आठवडे उरलेले असताना कापड आणलं जातं, आणि उरलेल्या सगळ्या चुका त्या घाईतून जन्मतात. साध्या पोशाखाला नोकरी सांभाळून दोन महिने धरा. तेवढा वेळ नसेल तर या वर्षी फक्त स्मॉक (सगळ्यात आत घालायचा सैल लिननचा झगा) आणि कॉइफ (डोक्यावरची कापडी टोपी) शिवा, बाकीचं भाड्याने घ्या. फेअरच्या दारातच पोशाख भाड्याने देणारी दुकानं असतात.

हा पोशाख अंगावर सात-आठ तास असतो. त्यात चालायचं, बसायचं, जेवायचं, उन्हात उभं राहायचं. आरशासमोर पाच मिनिटं बरा दिसला म्हणून तो झाला, असं धरू नका.

साडीच्या ब्लाउजच्या कागदावरून चोळी बेतणं

ही चूक खास आपल्याकडची. घरात नीट बसणाऱ्या ब्लाउजचा कागद तयार असतो, मग त्यालाच खाली लांबी वाढवून किर्टलची चोळी बेतली जाते. (किर्टल म्हणजे चोळी आणि घागरा कमरेला एकत्र जोडलेला झगा. सामान्य इंग्रज बाईचा रोजचा पोशाख.) आपल्या ब्लाउजला आकार येतो तो टक्सनी किंवा कटोरीने. सोळाव्या शतकातल्या चोळीला टक्स नसतात. पुढचा भाग जवळजवळ सपाट असतो आणि नाडी ओढली की ताणाने शरीर त्यात बसतं, छाती वर आणि सपाट होते. टक्स ठेवून नाडी आवळलीत तर टक्सच्या टोकांपाशी कापड फुगतं, कमरेवर आडव्या वळ्या पडतात, आणि कितीही इस्त्री केलीत तरी त्या जात नाहीत.

कागद नव्याने काढा. अंगात स्मॉक घालून छाती, कंबर, आणि काखेपासून कमरेपर्यंतची उंची मोजा. छातीच्या आणि कमरेच्या मापातून प्रत्येकी 5 सेंटिमीटर वजा करा, म्हणजे नाडी बांधल्यावर पुढे तेवढीच रुंद फट राहील. ती राहायलाच हवी. लिनन अंगाच्या उबेने आणि घामाने सैल पडतं. सकाळी 5 सेंटिमीटर असलेली फट दुपारी तीनपर्यंत 2 वर येते. सकाळीच कडेला कड भिडत असेल तर दुपारी आवळायला जागाच उरत नाही आणि चोळी खांद्यावर लोंबते.

मग मांजरपाटावर कच्चं शिवून अंगावर घाला. मांजरपाट वाया जाईल म्हणून थेट चांगल्या कापडावर कात्री चालवणारे लोक पंधरा डॉलर वाचवतात आणि सव्वाशेचं लिनन घालवतात. कच्ची चोळी घालून खुर्चीत बसा, खोल श्वास घ्या, दोन्ही हात डोक्यावर न्या. हात वर जात नसेल तर पहिला विचार येतो तो मुंढा मोठा कापायचा. तो कापू नका. मुंढा जितका खाली जाईल तितकी हात उचलताना सगळी चोळी वर ओढली जाते. मुंढा काखेत उंच आणि जवळ हवा. अडचण बहुतेक वेळा बाहीच्या रुंदीत किंवा पाठीच्या अरुंदपणात असते. पाठीला प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर वाढवून बघा.

नाडीची भोकं ठोकून बसवणं

जत्रेच्या मैदानात कपड्यांचे जे हाल दिसतात त्यात याचा नंबर पहिला. सप्टेंबरातल्या उकाड्याच्या एका दुपारचं उदाहरण घ्या. हिरव्या लिननचं किर्टल, रंग सुंदर, घागऱ्याच्या चुण्या मन लावून घातलेल्या. चोळी मात्र लिननच्या दोनच थरांची, मधे काही नाही. कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटरवर हातोडीने ठोकलेल्या धातूच्या रिंगा, दर दोन इंचांवर एक. सकाळभर काही झालं नाही. जेवून गवताच्या पेंढीवर बसताना छातीखालची एक रिंग उपटली. तिचा ताण वरच्या आणि खालच्या रिंगेवर गेला. तासाभरात तीन रिंगा नाडीला लटकत होत्या आणि कापडाला बोट जाईल एवढी भोकं. शेवटी वरून शाल लपेटून उरलेला दिवस काढावा लागला, आणि त्या उन्हात शाल म्हणजे शिक्षाच.

असं का होतं? रिंग बसवायला पंचने भोक पाडतो तेव्हा कापडाचे धागे तुटतात. रिंग त्या तुटक्या टोकांना नुसती चिमटीत धरते. बसताना पोट फुगतं, ताण वाढतो, टोकं निसटतात. शिवाय या ठोकायच्या रिंगा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, त्यामुळे त्या काळाला धरूनही नाहीत.

भोक दाभणानेच पाडा. दाभण धागे तोडत नाही, बाजूला सारतं. दाभण गोल फिरवत आत न्या, पेन्सिल जाईल एवढं भोक झालं की लगेच मेण लावलेल्या लिननच्या धाग्याने भोवती टाके घाला. एका भोकाला अठरा-वीस टाके, प्रत्येक टाका भोकाच्या कडेपासून 3 मिलिमीटरवरून, आणि दर चार टाक्यांनी दाभण पुन्हा घालून भोक मोठं करून घ्या. पहिल्या भोकाला पंधरा मिनिटं लागतील, दहाव्याला सात. 32 सेंटिमीटर उंचीच्या चोळीला एका बाजूला तेरा भोकं होतात, म्हणजे दोन-तीन संध्याकाळचं काम. एवढा धीर नसेल तर नाडीच्या पोशाखाच्या वाटेला जाऊ नये असं स्पष्ट मत आहे.

भोकांमध्ये अंतर 2.5 सेंटिमीटर. कडेपासून भोकाचा मध्य दीड सेंटिमीटर आत, आणि कड व भोक यांच्यामध्ये काहीतरी ताठ हवं. पूर्वी तिथे सुतळीसारखी दोरी किंवा गवताच्या काड्या घालत. आज जाड नायलॉनची केबल टाय, 8 मिलिमीटर रुंदीची, टोकं कानशीने गोल करून घातली तर काम उत्तम होतं. अस्तर आणि वरचं कापड यांच्या मधे घट्ट विणीचा कॅनव्हास घाला. इस्त्रीने चिकटणारं बकरम नको. घामाने त्याचा गोंद सुटतो आणि चोळीवर फोड आल्यासारखे फुगवटे येतात.

नाडी एकच आणि एकाच दिशेने, वेटोळ्यासारखी. त्यासाठी एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूपेक्षा सव्वा सेंटिमीटर खाली सरकवा. फक्त सगळ्यात वरची जोडी आणि सगळ्यात खालची जोडी समोरासमोर. भोकं सगळीच समोरासमोर पाडून वेटोळी नाडी घातली की एक कड वर चढते आणि गळा तिरका दिसतो. नाडी तीन मीटर ठेवा, आणि एक जादा नाडी बटव्यात.

कापड न धुता कापणं

लिनन पहिल्या धुण्यात 5 ते 10 टक्के आटतं. चार मीटर घेतलंत तर 20 ते 40 सेंटिमीटर गेलेच. कडांना मशिनवर झिगझॅग घाला, कडक गरम पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये वाळवा, आणि हे दोनदा करा. पुढे तुम्ही कधीच इतक्या गरम पाण्यात धुणार नसलात तरी.

बनारसी साडी कापून गाऊन

आईच्या कपाटातली जुनी साडी कापायच्या आधी दोन गोष्टी बघा. नक्षीत कोयरी असेल तर ती साडी या कामाची नाही. कोयरी युरोपात गेली ती काश्मिरी शालींबरोबर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सोळाव्या शतकातल्या युरोपियन रेशमावर डाळिंबाची मोठी नक्षी दिसते, वेलींच्या जाळीत बसवलेली. तशी वेलबुट्टी सापडली तर सोनं. दुसरं वजन. साडीचं रेशीम पातळ असतं, घागऱ्याला भार येत नाही आणि शिवणीपाशी धागे सरकतात. मागे सुती कापडाचा पूर्ण थर कच्च्या टाक्यांनी जोडून मग दोन्ही एकच कापड समजून शिवा. आणि रेशमी गाऊन घालणार असाल तर आतल्या स्मॉकपासून डोक्यापर्यंत सगळं त्या तोलाचं हवं. राणी एलिझाबेथने 1574 मध्ये कोणी कोणतं कापड घालावं याचं फर्मानच काढलं होतं. जरीचा गाऊन आणि खाली शेतकरणीचं जाडंभरडं कापड हे तिथे चाललं नसतं, आणि आजही डोळ्याला खुपतं.

पॉलिएस्टरची पडद्याची ब्रोकेड घेऊ नका. उन्हात भाजून निघाल, आणि लोहाराच्या भट्टीपाशी ठिणगी उडाली तर ते वितळून कातडीला चिकटतं. दुकानदार काहीही सांगो, दोन धागे काढून चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा लिनन. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम. कडक काळा मणी झाला तर परत करा.

पुरुषांची होझ म्हणून लेगिंग

लायक्राची काळी लेगिंग घातली की पोशाख तिथेच संपला. होझ म्हणजे पायाला घट्ट बसणारी विजार. मागावर विणलेल्या लोकरीची होझ त्या काळी तिरप्या कापडावर कापत, कारण उभ्या धाग्यावर कापड पायाला ताणत नाही. ज्याला चुडीदार बेतता येतो त्याला ही येते, तत्त्व तेच: धाग्याशी 45 अंशांत. फरक एवढाच की चुडीदारला घोट्याशी चुण्यांसाठी लांबी जास्त ठेवतात, इथे ती नको. आणि होझ कमरेला इलॅस्टिकने धरू नका, ती डब्लेटला, म्हणजे वरच्या अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटाला, बंदांनी बांधली जाते. बंद कमीत कमी आठ जोड्या. चारच ठेवलेत तर मागचे वाकताना तुटतात. डब्लेटची कंबर बेंबीच्या रेषेत हवी. आजच्या पँटच्या कमरेला नेलीत तर सगळं ओघळतं.

आता भराभर काही.

स्मॉक टाळू नका. घाम तोच पितो, किर्टल वाचतं. साधारण तीन मीटर हलकं लिनन, सगळे तुकडे आयताकृती, आणि काखेत 12 सेंटिमीटरची चौकोनी कळी. कळी न लावलेला स्मॉक काखेतच फाटतो.

घागऱ्याची किनार दुमडण्याआधी तो एक रात्र टांगून ठेवा, तिरपे भाग खाली ओघळतात. मग फेअरला घालायचेच बूट घालून खूण करा, जमिनीपासून 5 सेंटिमीटर वर. जमिनीवर लोळणारा घेर टॉड मिशनच्या नोव्हेंबरातल्या चिखलात तासाभरात गुडघ्यापर्यंत ओला होतो.

फार्दिंगेल, म्हणजे कड्यांचा घेर, पहिल्या वर्षी नको. तो घालून फिरत्या शौचालयाच्या डब्यात शिरून बघा म्हणजे कारण कळेल. पुढे घालायचा तरी घरी सराव केला असेल तरच.

केस मोकळे सोडून हिंडू नका. 1571 च्या कायद्याने बहुतेक सामान्य माणसांना रविवारी आणि सणावारी लोकरीची टोपी घालणं सक्तीचं केलं होतं. उघडं डोकं हीच पोशाखातली सगळ्यात मोठी खोट दिसते, आणि कॉइफला लागतं अर्धा मीटर कापड.

चामड्याच्या गुळगुळीत तळाचे नवे बूट गवतावर घसरतात. तळ सँडपेपरने खरवडा, दोन आठवडे घरात वापरा.

तलवार किंवा कट्यार न्यायची तर म्यानात, आणि मूठ म्यानाला पक्की बांधलेली. फेअरचे नियम आधी वाचा, दारात हुज्जत घालू नका.

फेअरच्या आधीच्या रविवारी पूर्ण पोशाख, बूट-बटव्यासकट, चार तास घरात घाला. त्यात जेवा, जिना चढा, गाडीत बसा. काय टोचतं, काय सरकतं ते कागदावर लिहा आणि त्या आठवड्यात फक्त तेवढंच दुरुस्त करा. नवी झालर, नवी बाही या आठवड्यात सुरू करायची नाही. बटव्यात सुई, मेण लावलेला धागा, दहा-बारा टाचण्या आणि हातभर लिननची पट्टी असू द्या. भोक फाटलंच तर ते सोडून नाडी पुढच्या भोकात घाला आणि फाटक्याच्या मागे पट्टी टाचा, दिवस निभतो.

रात्री घरी आल्यावर पोशाख घडी करून पिशवीत कोंबू नका. स्मॉक गरम पाण्यात धुवा. किर्टल उलटं करून रुंद हँगरवर दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, चिखल पूर्ण वाळला की ब्रशने झाडा, ओला असताना पुसू नका. नाडी सगळी काढून ठेवा, घातलेली राहिली की भोकं एकाच बाजूला ताणून लांबट होतात.