आपल्या भागाला फ्लाईट हवी असेल तर आधी काय काय करायचं

विमानतळ झाला की भागाचा विकास आपोआप होणार असं खूप जणांना वाटतं, पण तसं होत नाही. स्पेनमध्ये सिउदाद रेआलला १ अब्ज युरोपेक्षा जास्त खर्चून विमानतळ उभा केला आणि २०१२ मध्ये तो बंद करावा लागला, कारण तिथे उतरायला पुरेशी माणसंच नव्हती. त्यामुळे मागणी करताना नुसतं 'विमानतळ द्या' म्हणू नका, कुठल्या शहराला आणि किती वाजता फ्लाईट हवी ते सांगा.

सुरुवात माणसं मोजण्यापासून. एटीआर ७२ सारखं ७० सीटचं विमान रोज एक फेरी करत असेल तर जाऊन-येऊन वर्षाला ५१,१०० सीट होतात, त्यातल्या ७० टक्के भरायच्या म्हटलं तरी रोज ४९ जाणारे आणि ४९ येणारे लागतात. एवढे लोक कुठून येणार हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कारखाने, हॉस्पिटल, कॉलेज, हॉटेलवाले, निर्यात करणारे, सगळ्यांकडे जाऊन गेल्या १२ महिन्यांत कोण कुठे गेलं, बाहेरून कोण आलं, लांबच्या विमानतळापर्यंत गाडीने जाऊन विमान कोणी पकडलं हे लिहून घ्या. 'फ्लाईट सुरू झाली तर जाल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, खरी झालेली तिकिटं बघा. आणि बाहेर स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना नक्की धरा. आयर्लंडमध्ये जेम्स होरान नावाच्या पाद्रीने नॉक गावाजवळ टेकडीवर विमानतळ व्हावा म्हणून नेट लावला, तेव्हा खूप टीका झाली, पण १९८६ ला सुरू झालेला तो विमानतळ आजही चालू आहे, कारण तिथली हजारो कुटुंबं ब्रिटनमध्ये होती आणि त्यांना घरी यायचंच होतं.

आता वेळ, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मशीन बंद पडलं तर बाहेरचा इंजिनिअर सकाळी येऊन काम करून संध्याकाळी परत जाऊ शकतो का, हे बघून लोक कारखाना कुठे टाकायचा ते ठरवतात. दुपारच्या एका फेरीने हे होत नाही, सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या लागतात. दोन मिळतच नसतील तर निदान मोठ्या विमानतळावरून पुढच्या फ्लाईट सुटायच्या आधी तिथे पोचेल अशी वेळ मागा. आठवड्यातून तीनच दिवस असलेल्या आणि त्यातही कॅन्सल होणाऱ्या फ्लाईटवर धंद्यासाठी कोणी अवलंबून राहत नाही.

कार्गोचं थोडक्यात. जगाच्या व्यापारात किमतीने साधारण एक तृतीयांश माल विमानाने जातो पण वजनाने १ टक्कासुद्धा नाही, म्हणजे हलका, महाग किंवा लवकर खराब होणारा मालच शोधा, केनियाची फुलं नैरोबीहून युरोपला जातात तसा. छोट्या विमानात सामानाची जागा कमी असते, तेव्हा आकडे फुगवू नका.

सरकारी मदत मिळू शकते. अमेरिकेत छोट्या गावांच्या फ्लाईटसाठी १९७८ पासून योजना आहे, युरोपात सरकार तोट्याच्या मार्गांना पैसे देऊ शकतं, आपल्याकडे केंद्र सरकारची उडान योजना आहे. पण उडानची मदत एका मार्गाला ३ वर्षंच असते आणि ती संपल्यावर मार्ग टिकवायचा असेल तर पहिल्या महिन्यापासून कामाला लागा, कंपन्यांना एकत्र करून ठराविक सीट आगाऊ घ्यायला लावा, आणि विमान उतरल्यावर अर्ध्या तासात शहरात जाणारी बस ठेवा, रात्रीच्या फ्लाईटलासुद्धा.