स्वस्त विमानाचं तिकीट काढताय? वेळेच्या बाबतीत या चुका टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "इंडिगो वेळेवर असते की अकासा? एअर इंडिया एक्स्प्रेस घेऊ का?" मी उलट विचारतो: कुठून, किती वाजता, कोणत्या महिन्यात? एवढं सांगायलाही अनेकांना धीर नसतो. त्यांना कंपनीचं एक नाव हवं असतं, म्हणजे लगेच पैसे भरून मोकळं होता येतं. पण उशीर कंपनीपेक्षा वेळ, विमानतळ आणि ऋतू यांवर जास्त अवलंबून असतो. त्या तिन्हींकडे न बघता केलेली तुलना काही कामाची नाही.

कंपनीची एकच टक्केवारी बघून ठरवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं. त्यातली वेळेवर असण्याची टक्केवारी बातम्यांत येते आणि लोक ती पाठ करतात. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे तर वाचा. तो मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या मोठ्या विमानतळांवर मोजलेला असतो. नागपूरहून किंवा कोल्हापूरहून सुटणारं तुमचं विमान त्या मोजणीत येतच नाही. शिवाय ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असेल ते वेळेवर आणि त्यापुढचं सगळं उशिरा, मग उशीर २० मिनिटांचा असो की पाच तासांचा. रद्द झालेल्या उड्डाणांचा तक्ता वेगळा असतो, आणि तो सहसा कुणी उघडत नाही. मी आधी तोच उघडतो. तासभर उशिरा आलेलं विमान परवडतं, न आलेलं नाही.

वेळापत्रकातही थोडी हवा भरलेली असते. मुंबई–गोवा विमान हवेत तासभरही नसतं, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं दिसतं. धावपट्टीसाठी थांबणं, टर्मिनलपर्यंत जाणं हे त्यात धरलेलं असतं, ते योग्यच आहे. पण एकाच मार्गावर एका कंपनीने दुसरीपेक्षा दहा मिनिटं जास्त लावली असतील, तर उशिरा सुटूनही ती वेळेवर पोचल्याचं दाखवू शकते.

त्यामुळे मी कंपनी नाही, विमानाचा क्रमांक तपासतो. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तो क्रमांक टाकला की मागच्या आठवड्याची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ फुकट दिसते. मी ती वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघतो. तिकीट दोन महिन्यांनंतरचं असेल तर आजच्या आकड्यांना ऋतूची जोड द्यावी लागते. "एवढं कोण करत बसणार?" असं विचारणारेच नंतर विमानतळावरून फोन करतात.

स्वस्त कंपनीचं एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांमध्ये साधारण अर्धा तासच असतो. सकाळी झालेला उशीर रात्रीपर्यंत पुढे सरकत राहतो. म्हणून मी शक्यतो पहाटेचं विमान घेतो. दिल्लीचा डिसेंबर-जानेवारी मात्र याला अपवाद. तिथे धुकं पहाटेच सर्वात दाट असतं, तेव्हा दुपारचं बघा. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. जुलैच्या धो धो पावसात दोन विमानांमधलं अंतर वाढवलं की सगळ्याच कंपन्या रांगेत अडकतात.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास आखणं

याचा मला खरोखर राग येतो, कारण भोगावं लागतं ते घरातल्या थोरांना. माझ्या मावसभावाने डिसेंबरच्या शेवटी मावशी आणि काकांसाठी पुणे–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–अमृतसर दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं. एकाच पीएनआरवरच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडत होतं. मध्ये अडीच तास होते, आणि पहिली कंपनी "वेळेवर असणारी" म्हणून त्याने निवडलेली.

पुण्यातून चार वाजता सुटायचं विमान सकाळी उत्तरेतल्या धुक्यात अडकलेलं होतं. दर फेरीला मागे पडत ते संध्याकाळी पुण्यात आलं. मावशी-काका रात्री नऊला दिल्लीत उतरले, तोवर अमृतसरचं विमान गेलेलं. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला दिल्लीला पोचवलं. दुसरी म्हणाली, तुम्ही आलाच नाहीत. नियमाने दोघींचंही बरोबर, आणि कारण हवामानाचं असल्याने भरपाईचाही प्रश्न नव्हता. विमान जेमतेम वेळेत आलं असतं तरी पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, टर्मिनल १ वरून रस्त्याने टर्मिनल ३ ला जायचं, पुन्हा चेक-इन करायचं, हे मावशीच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं. वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त दुसऱ्या दिवशीच्या तिकिटांना गेले.

जोडविमान घ्यायचंच असेल तर एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. नसेल तर मध्ये रात्रीचा मुक्काम ठेवा. मी असतो तर दिल्लीत झोपून सकाळच्या अमृतसर शताब्दीने त्यांना पाठवलं असतं.

जुन्या नावावर विसंबणं

इंडिगोचं नाव वर्षानुवर्षं वेळेसाठी घेतलं जायचं. २०२५च्या डिसेंबरात, वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाल्यानंतर, तिचीच हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. म्हणून लग्न, परीक्षा, व्हिसाची मुलाखत असेल तर कंपनी कोणतीही असो, आदल्या दिवशी पोचा.

दिवसातलं शेवटचं विमान घेणं

ते रद्द झालं तर दुसरं सकाळपर्यंत नसतं. थोड्या पैशांसाठी हे करू नका.

विमानतळ न बघणं

गोव्यात दाबोळी आणि मोपा, मुंबईत आता नवी मुंबईसुद्धा. पणजीहून किंवा ठाण्याहून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते धरूनच तुलना करा.

एजंटचा मोबाइल नंबर राहू देणं

वेळ बदलल्याचा संदेश तिकिटावरच्या नंबरवर येतो. तो एजंटचा असला तर तुम्हाला कळतं काउंटरवर. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर जाऊन प्रवास करणाऱ्याचा नंबर टाका. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यातलं एक निवडायचा हक्क डीजीसीएच्या नियमांनी दिलेला आहे. तो संदेश जपून ठेवा आणि काउंटरवर तोच दाखवून मागणी करा.