टेनिस कोच व्हायचंय? मग बोलेटिएरीवरचा वाद आधी नीट समजून घ्या

टेनिस कोचिंगमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींशी बोलायला बसलं की एक नाव हमखास निघतं, अमेरिकन कोच निक बोलेटिएरी. लेव्हल वनचा कोर्स झालेला असतो, यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आजचं टेनिस या माणसाने घडवलं, दुसरी म्हणते त्याने मुलांचा कारखाना काढला होता आणि त्यातून जे टिकले त्यांचे फोटो भिंतीवर लावले. मी पुण्यात बरीच वर्षं ज्युनियर मुलांना शिकवतेय, हा वाद कित्येकदा ऐकलाय आणि त्यात हिरिरीने भांडलेही आहे. माझं मत आता पक्कं झालंय. बोलेटिएरीची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठा दोष, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत, त्याची नजर कोणावर असायची आणि कोणावर नसायची. नवीन कोच त्याचं बाकी सगळं उचलतात, आरडाओरडा, गॉगल, तासन् तास बास्केट ड्रिल (कोच टोपलीतून एकामागून एक बॉल देतो आणि मुलगा मारत राहतो), पण ही गोष्ट कोणी अभ्यासतच नाही.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म 1931, न्यूयॉर्कजवळच्या पेलहॅमचा, घरचे इटालियन वंशाचे. कॉलेजात फिलॉसॉफी, मग अमेरिकन आर्मीत पॅराट्रूपर, मग मायामीला लॉ करायला गेला आणि काही महिन्यांत सोडून दिलं, पैशांसाठी पब्लिक कोर्टवर टेनिस शिकवायला लागला. स्वतः कधी मोठा प्लेअर नव्हता, आणि टेक्निकचं मला फार कळत नव्हतं हे तो उघडपणे सांगायचा. पुढे रिसॉर्टमध्ये कोचिंग, मुलं त्याच्या घरीच राहायला लागली, आणि 1978 मध्ये फ्लोरिडात ब्रेडन्टनला अ‍ॅकॅडमी. मुलांनी तिथेच राहायचं, सकाळी शाळा, दुपारपासून संध्याकाळपर्यंत कोर्ट. टेनिससाठी असं पूर्णवेळ बोर्डिंग त्याआधी या प्रमाणावर कोणी चालवलं नव्हतं. 1987 मध्ये आयएमजी या स्पोर्ट्स मॅनेजमेंट कंपनीने ती विकत घेतली, तरी हा माणूस ऐंशी ओलांडल्यावरही पहाटे उठून कोर्टवर उभा असायचा. 2014 मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, डिसेंबर 2022 मध्ये वारला.

आता पहिला मुद्दा, 'दहा वर्ल्ड नंबर वन घडवले' हे वाक्य. हे तुम्हाला सगळीकडे दिसेल आणि नवीन कोचने ते आहे तसं गिळू नये असं मला मनापासून वाटतं. यादी वाचा ना एकेक. बोरिस बेकर 1991 मध्येच नंबर वन झाला होता, बोलेटिएरीकडे तो त्यानंतर गेला. विल्यम्स बहिणींचा पाया त्यांच्या वडिलांनी कॉम्प्टनच्या पब्लिक कोर्टवर घातला, नंतर फ्लोरिडात रिक मॅची या कोचकडे त्या बरीच वर्षं होत्या, बोलेटिएरीकडे येऊन-जाऊन असायच्या. मोनिका सेलेसला वडिलांनी, कॅरोली सेलेस यांनी, नोव्ही सादमध्ये असतानाच दोन्ही बाजूंनी दोन हातांनी खेळायला शिकवलं होतं, ते काय ब्रेडन्टनला शिकली नव्हती. शारापोव्हा लहानपणी तिथे आली खरी, स्कॉलरशिपवर, पण तिचे ग्राउंडस्ट्रोक्स पक्के करण्यात कॅलिफोर्नियाचे कोच रॉबर्ट लान्सडॉर्प यांचा मोठा वाटा आहे. मग उरतं काय? तर उरतं बरंच, फक्त ते 'घडवले' या शब्दात नीट बसत नाही.

सेलेसचंच उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंनी दोन हात, रीच कमी, आपल्याकडच्या कुठल्याही कोचने पहिल्याच आठवड्यात फोरहँड एका हातावर आणला असता. बोलेटिएरीने हात लावला नाही. तिला कोर्ट दिलं, हिटिंगला मुलं दिली, वडिलांनाही तिथे येऊन राहू दिलं. जिमी अरियासची गोष्ट तर मी प्रत्येक नवीन असिस्टंटला सांगते. हा मुलगा सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला, वडील इंजिनियर, त्यांनीच शिकवलेला पूर्ण खांद्यातून सोडलेला फोरहँड, फॉलो-थ्रूमध्ये पाय जमिनीवरून उचलले जायचे. तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे हे चूक, आडवं उभं राहा, पाय पुढे टाका, रॅकेट समोर थांबवा असं शिकवलं जायचं. बोलेटिएरीने ते बघितलं आणि आपल्या कोचेसना सांगितलं की आजपासून आपण हे शिकवणार. ज्याला आपण बोलेटिएरी फोरहँड म्हणतो, सेमी-वेस्टर्न ग्रिप (हात दांड्याच्या थोडा खाली वळवून धरलेली रॅकेट), ओपन स्टान्स (छाती नेटकडे ठेवून उभं राहणं), बॉल वर उठतानाच घ्यायचा, त्याचं मूळ एका तेरा-चौदा वर्षांच्या पोरात आहे. अरियास पुढे 1984 मध्ये वर्ल्ड नंबर पाचपर्यंत गेला. कोचने विद्यार्थ्याकडून शिकायचं आणि ते सगळ्या अ‍ॅकॅडमीत पसरवायचं, याला फार मोठं मन आणि फार तयार डोळा लागतो, आणि मी बोलेटिएरीची बाजू घेते ती इथे.

आंद्रे अगासीचंही तसंच. तेरा वर्षांचा असताना लास व्हेगासहून आला, वडिलांना फक्त तीन महिन्यांची फी परवडणार होती. बोलेटिएरीने त्याला थोडा वेळ खेळताना बघितलं आणि वडिलांना फोन करून सांगितलं की चेक परत घ्या, हा फुकट राहील. केसांचे रंग, कानात डूल, जीन्सची शॉर्ट, सगळं त्याने शेवटी सहन केलं. आता याच्यावर दुसरी बाजू काय म्हणते तेही ऐका, कारण ती बाजू खुद्द अगासीची आहे. 2009 च्या आत्मचरित्रात त्याने ती अ‍ॅकॅडमी तुरुंगासारखी होती असं लिहिलंय. घरापासून हजारो मैल लांब, शाळा नावापुरती आणि पुढे सुटलीच, आसपास सगळी मुलं एकमेकांना हरवायला टपलेली. सोळाव्या वर्षी तो प्रो झाला. म्हणजे त्याच जागेने त्याला खेळ दिला आणि त्याच जागेचा त्याला राग होता, दोन्ही खरं आहे आणि एक सांगून दुसरं दाबायचं नाही.

आता जिम कुरियर. हा भाग नवीन कोचने दोनदा वाचावा.

कुरियर आणि अगासी जवळपास एका वयाचे, दोघंही अ‍ॅकॅडमीतले, एकाच छपराखाली राहिलेले. सगळ्यांना माहीत होतं की निकचा जीव अगासीवर आहे. 1989 च्या फ्रेंच ओपनला तिसऱ्या राउंडमध्ये दोघांची मॅच लागली आणि बोलेटिएरी अगासीच्या बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या माणसांसाठी राखीव जागेत, जाऊन बसला. कुरियर मॅच जिंकला, आणि थोड्याच दिवसांत अ‍ॅकॅडमी सोडून गेला. नंतर होजे हिगेरास या कोचबरोबर काम करून 1991 आणि 1992 ला फ्रेंच ओपन, 1992 आणि 1993 ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, आणि 1992 मध्ये वर्ल्ड नंबर वन झाला, अगासीच्या तीन वर्षं आधी. सेलेसचंही 1990 मध्ये बिनसलं, तिच्या घरच्यांचं म्हणणं साधारण हेच होतं की लक्ष सगळं दुसरीकडे आहे. म्हणजे बघा, ज्या नजरेने अरियासचा फोरहँड ओळखला, अगासी ओळखला, तीच नजर एकावर खिळली की बाजूच्या कोर्टवरचा भावी नंबर वन दिसेना. आणि शेवटी अगासीशीही 1993 मध्ये फाटलं, तेही बोलेटिएरीने पत्र पाठवून, आदल्याच वर्षी विम्बल्डन एकत्र जिंकून. मग बोलेटिएरी बेकरकडे गेला आणि अगासीने कोच म्हणून ब्रॅड गिल्बर्ट धरला. गिल्बर्टने त्याचे स्ट्रोक्स जवळपास होते तसेच ठेवले, डोक्यावर काम केलं, समोरच्याचं कुठे दुखतंय ते बघून खेळायला लावलं, आणि 1994 चं यूएस ओपन अगासी सीडिंग नसताना जिंकला. बोलेटिएरीच्या पद्धतीत मॅच वाचायला शिकवणं कमी पडायचं असं जे टीकाकार म्हणतात त्यांच्या हातात हा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि मला तो पटतो. व्हॉलीचंही (टप्पा पडायच्या आत बॉल मारण्याचंही) तेच, बेसलाइनवरून ठोकणारी पिढी तिथून निघाली, नेटवर सहज जाणारी फार नाही.

कारखाना म्हणणाऱ्यांना मात्र एक सांगावंसं वाटतं. तो कारखाना चालायचा कशावर, तर चांगली मुलं एका जागी आणण्यावर. तिथे रोज दुपारी तुमच्यापेक्षा जरा बरा खेळणारा कोणीतरी समोर उभा असायचा आणि त्याला हरवल्याशिवाय पुढच्या कोर्टवर जाता यायचं नाही. निशिकोरी 2003 मध्ये चौदाव्या वर्षी जपानहून इंग्लिश न येता तिथे गेला आणि 2014 ला यूएस ओपनच्या फायनलला पोचला, ते काय फक्त ड्रिलमुळे झालं नाही, आसपासच्या मुलांमुळे झालं. फी भरणाऱ्या अनेकांच्या पैशांवर काही गुणी मुलं फुकट खेळायची. हे न्याय्य आहे का? फी भरणाऱ्याला काय मिळतंय हे त्याला स्पष्ट सांगितलं असेल तर माझ्या मते आहे, स्वप्न विकलं असेल तर नाही. आर्थर अ‍ॅशबरोबर त्याने शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठीही टेनिसचा कार्यक्रम चालवला होता, ते सहसा कोणी बोलत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

बरं, आता तुमच्या कामाचं. समजा तुम्ही वीस-बावीसचे आहात, स्टेट लेव्हल खेळलात, रँकिंग फार वर गेलं नाही आणि कोचिंगमध्ये यायचंय. एआयटीएमार्फत (भारतीय टेनिस संघटना) होणारे आयटीएफचे (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) कोर्स करा, ते आता लागतातच. पण पहिली एक-दोन वर्षं तुम्हाला मिळणार शेवटचं कोर्ट, छोटी मुलं, आणि हातात बॉलचं हॉपर (बॉल ठेवायची जाळीची टोपली). तिथे बोलेटिएरीचे व्हिडिओ बघून आठ वर्षांच्या मुलाला नेहमीच्या पिवळ्या बॉलवर ओपन स्टान्स फोरहँड मारायला लावू नका. बॉल त्याच्या डोक्यावरून जातो, मग तो ग्रिप फिरवत फिरवत पार पालथी करतो आणि पुढे ती सरळ करायला दुसऱ्या कोणाची तरी दोन वर्षं जातात. लाल, ऑरेंज, हिरवा बॉल याच कारणासाठी आहेत, लाल सगळ्यात हळू, हिरवा नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण पंचवीस टक्के हळू. 2012 पासून दहा वर्षांखालच्या मॅचेसना आयटीएफने पिवळा बॉल बंदच केलाय. काही पालक म्हणतील की शेजारच्या अ‍ॅकॅडमीत तर पिवळ्यावर खेळवतात, तुम्ही ठाम राहा, गोड बोलून पण ठाम.

बास्केट ड्रिल वाईट नाही, पण त्यात मुलाला निर्णय घ्यावा लागत नाही, बॉल कुठे येणार ते त्याला माहीत असतं. म्हणून फीडिंग अर्ध्या तासावर गेलं की लाइव्ह बॉलवर या, पॉइंट खेळवा. क्लबमधल्या जुन्या मार्करांशी (मेंबरांबरोबर खेळायला ठेवलेल्या माणसांशी) दोस्ती करा, मी हे फार कळकळीने सांगतेय. एखादा मार्कर पंचवीस वर्षं रोज मेंबर लोकांशी हिट करत असतो, कोणाचा बॅकहँड दमल्यावर कुठे पडतो हे त्याला दोन रॅलीत कळतं. कागदावर त्याच्याकडे काही नसतं, पण ती नजर कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. एक वही ठेवा, आणि प्रॅक्टिस संपली की बॅचमधल्या प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ लिहा. ज्या मुलाबद्दल लागोपाठ काही सुचत नाही, त्याच्याकडे तुमचं लक्ष नाहीये, दुसऱ्या दिवशी पहिला त्याच्या कोर्टवर जा.

आणि कुरियरची गोष्ट इथे कामाला येते, कारण हे तुमच्यावर येणारच. अंडर फोर्टीनच्या टूर्नामेंटमध्ये तुमचीच दोन मुलं समोरासमोर येतील, एकाचे आईवडील पर्सनल कोचिंगचे पैसे देत असतील, दुसरा ग्रुप बॅचमधला असेल. आमच्याकडे नियम असा आहे की अशा मॅचला कोचने कोणाच्याच बाजूला बसायचं नाही, शक्यतो त्या कोर्टपाशी थांबायचंच नाही, आणि हे पालकांना अ‍ॅडमिशनच्या वेळीच सांगायचं. मॅच झाल्यावर हरलेल्याशी आधी बोलायचं. काही पालक नाराज होतात, एखादा मुलगा काढूनही नेतात, जाऊ दे. राहिलेल्या मुलांना कळतं की इथे कोणाचा बॉक्स ठरलेला नाही.

बोर्डिंगचं विचारतात बरेच जण, परदेशात किंवा दुसऱ्या शहरात मुलाला पाठवायचं का म्हणून. कोच म्हणून तुमचं मत मागतील तर माझं ऐका, मुलाला स्वतःला विचारा, आईवडील खोलीत नसताना. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खेळ आवडतो की वडिलांचा आनंद आवडतो हे त्याच्या बोलण्यातून बऱ्यापैकी कळतं. शाळा कुठली, दुखापत झाली तर फिजिओ कोण, वर्ष संपल्यावर पैसे संपले तर काय, हे लिहून घ्यायला लावा. अगासीचा चेक परत आला म्हणून तुमच्या विद्यार्थ्याचा येईल असं धरून घर गहाण टाकणारे पालक मी बघितलेत, त्यांना कोणीतरी आधीच थांबवायला हवं होतं आणि ते काम कोचचं असतं.

स्वतः एखाद्या अ‍ॅकॅडमीत नोकरीसाठी गेलात तर भिंतीवरचे फोटो बघा आणि विचारा की यातल्या कोणाला कुठल्या वयात इथे आणलं आणि आधी कोण शिकवत होतं. मग विचारा की हेड कोच शेवटच्या कोर्टवर कधी येतात, अंडर टेनच्या बॅचमधली किती मुलं तीन वर्षांनंतरही खेळतायत, आणि असिस्टंटने एखाद्या मुलाबद्दल वेगळं मत दिलं तर ते ऐकलं जातं का. पगार आणि सुट्टी नंतर बोला, आधी हे, आणि एकदा सकाळी सहाच्या बॅचला न सांगता जाऊन बाजूच्या बाकावर बसून बघा.