कोकणात यायचंय? आधी महिना ठरवा, मग बुकिंग

"कोकणात कधी येऊ?" हा प्रश्न मला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी विचारतात आणि मी प्रत्येकाला उलट विचारतो की येऊन करायचंय काय ते आधी सांग. कारण धबधबे बघायचेत आणि स्कूबापण करायचंय असं एका ट्रिपमधे होत नाही हो. धबधबे जोरात असतात तेव्हा समुद्र बंद, आणि समुद्र शांत झाला की धबधब्यांची धार करंगळीएवढी. सुट्टी मिळाली की बुकिंग करायचं आणि मग हवामान बघायचं ही उलटी पद्धत आहे, त्यात हमखास पैसे जातात.

अजून एक, कोकण म्हणजे नुसता बीच नाही. किनाऱ्यालगतची खलाटी, मधली डोंगरउताराची वलाटी आणि वर सह्याद्रीचे घाट, तिन्हीकडे एकाच दिवशी वेगळी हवा असू शकते. वेंगुर्ल्यात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो आणि आंबोलीत समोरची गाडी दिसत नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर-दीडशे किलोमीटर गेलं की पाचसहाशेवर येतो. म्हणून पावसाळ्यात नुसता "रत्नागिरी" किंवा "सिंधुदुर्ग" असा अंदाज बघून निघू नका. हवामान खातं कोल्हापूर, सातारा, पुण्याच्या घाट विभागाचा अंदाज वेगळा देतं, तुम्ही ज्या घाटातून उतरणार त्याचा तो बघा.

आता महिने. मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या सुमारास आणि दक्षिण कोकणात पाऊसही साधारण तेव्हाच पोचतो, मुंबईत अजून तीनचार दिवसांनी. पण हे सरासरीचं झालं. २०२५ ला मान्सून २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला, आंबेवाल्यांचं नुकसान झालं ते झालंच, शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात बीचसाठी आलेले लोक रूममधे पत्ते खेळत बसले. तेव्हा बीच हवा असेल तर २० मेच्या आत उरका. तसंही मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, मालवण-तारकर्लीचं स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद असतं, जंजिऱ्याच्या होड्या पण बंद. "कोणीतरी नेईलच की" असं मनात धरून येऊ नका, आणि कोणी नेतो म्हणाला तरी बसू नका.

मासे खायला जून-जुलैत येणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुतेक बर्फातली असणार. या दिवसांत आमच्याकडे सुकं खातात, सोडे, सुकट, बांगडा, आणि पहिल्या पावसात ओढ्या-नद्यांना चढणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे मिळतात ते. नाहीतर रानभाज्या, टाकळा, भारंगी, कुरडू, आणि नशीब असेल तर अळंबी. ही चव हॉटेलच्या मेनूकार्डवर सहसा सापडत नाही, घरगुती राहायची सोय असेल तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजतच नाहीत तेपण बुकिंग करतानाच विचारून घ्या.

मग पावसाळ्यात यायचंच नाही का? या की, पण घाटासाठी आणि हिरव्यासाठी या. चिपळूणजवळचा सवतसडा, वैभववाडीचा नापणे, मार्लेश्वर, आंबोली हे जुलै-ऑगस्टचं. मला विचाराल तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर जास्त चांगला, पाऊस उघडझाप करतो, भात पोटरीला येतो आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) बारीक बारीक फुलं येतात, गर्दीपण कमी (गणपतीचे दिवस सोडून). पावसाळ्यातले नियम थोडेच पण पाळायचे. घाट दिवसाउजेडी उतरायचा, दरड पडली तर निदान दिसते. वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा बंदच ठेवतात, त्यामुळे गूगल मॅप काहीही दाखवो, आदल्या दिवशी खात्री करा. रेड अलर्ट असेल तर रद्द करा, त्यात हिशोब करत बसू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा वर घाटात धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती असं दोन्ही जुळून आलं होतं. रेल्वेने येणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात आणि सुटायच्या वेळा बदलतात, तिकीट काढून ठेवलं तरी वेळ परत बघा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर स्पोर्ट शूज असे घसरतात की विचारू नका.

गणपतीत फिरायला येऊ नका. रागावू नका, पण तेव्हा सगळा चाकरमानी घरी येत असतो, हायवे जाम, गाड्या फुल. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखांचं बघता बघता संपतं. कोणाच्या घरी बोलावणं असेल तर मात्र चुकवू नका.

ऑक्टोबर घामट असतो. पाऊस जाता जाता गडगडाट करून संध्याकाळी भिजवतो आणि दुपारी ऊन चटके देतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत डोळे मिटून या, सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा, समुद्र सपाट, दापोलीकडे तर स्वेटर लागतो. कातळशिल्पं बघायची असतील (उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी) तर हेच दिवस आणि तेपण सकाळी लवकर किंवा चारनंतर, ऊन तिरपं पडलं की रेघा उठून दिसतात, दुपारी बाराला नुसता काळा कातळ दिसेल आणि पाय भाजतील ते वेगळं. फक्त २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा, रूमचे भाव ऐकून घाम फुटतो.

फेब्रुवारीअखेर-मार्चला लोक फसतात. कागदावर हिवाळा संपत आलेला, पण पूर्वेचे वारे लागले आणि खारा (समुद्रावरून येणारा) वारा उशिरा सुटला की किनाऱ्यावर मेपेक्षा जास्त पारा चढतो. तरीपण शिमग्याच्या पालख्या बघायला आणि वेळास-आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला हेच दिवस. पिल्लं कुठल्या दिवशी बाहेर येतील ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून दोन रात्री हातात ठेवा. हापूससाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला, त्याआधी मिळतो पण भाव परवडत नाही.

महिना ठरला की तारीख, आणि तारीख ठरवताना तिथी बघायची, हे शहरातले लोक कधीच करत नाहीत. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. म्हणजे षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण, साडेचार. दुपारी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, त्याआधी सहा तास म्हणजे सकाळी साडेदहाला ओहोटी. तासभर इकडेतिकडे होतं पण प्लॅनिंगला पुरतं. देवबागचा त्सुनामी आयलंड (खाडीतला वाळूचा पट्टा) ओहोटीलाच नीट उघडा पडतो, त्यामुळे षष्ठीला सकाळी जा, दुपारी नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती भर दुपारी आणि सूर्यास्ताला ओहोटी, म्हणजे संध्याकाळी चालायला लांबच लांब पुळण. पण त्याच दिवशी दुपारी एक ते चार पाणी जोरात ओढत असतं तेव्हा पोहायला उतरू नका, गणपतीपुळ्याला तर अजिबातच नको.

निघायच्या आदल्या दिवशी जिथे राहणार तिथे फोन करून तीन गोष्टी विचारा, घाट चालू आहे का, लाइट आहे का, आणि फेरीबोटीने येणार असाल (दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला) तर बोट चालू आहे का आणि शेवटची कितीला. शेवटची चुकली की खाडीला मोठा वळसा पडतो आणि तोपण अंधारात. कॅश थोडी जास्त ठेवा, पावसात रेंज गेली की यूपीआय पण जातं.